चौथ्या पानावरची रिकामी जागा

प्रिय ताई,

हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हातात पडलंच पाहिजे, असं कुरियरवाल्याला दोनदा बजावलंय. फोन मुद्दाम करत नाही. तुझा आवाज ऐकला की मी थट्टाच करणार, आणि या वेळी नेमकं तेच नकोय. पुरवणीचं चौथं पान उघडण्याआधी एवढं वाच.

बाबा छापखान्यात पानं लावायचे तेव्हाचं तुला आठवत असेल. बातमी चार ओळी कमी पडली की खाली भगदाड राहायचं, आणि संपादक ओरडायच्या आत बाबा ते स्वतःच्या एखाद्या चुटक्यानं बुजवायचे. गेल्या महिन्यात मला ‘वर्तमानपत्री विनोदाचा उगम आणि कार्य’ यावर भाषणाला बोलावलं होतं. समाजाचा आरसा वगैरे बरंच दळण दळलं. खरा उगम तेवढा सांगितला नाही. जागा उरली, म्हणून विनोद आला. आई इस्पितळात होती त्या आठवड्यात बाबांनी डॉक्टरांवर तीन चुटके लिहिले. तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. मी कात्रणं जपून ठेवली. माझं शिक्षण तिथंच झालं म्हण.

माझ्या सदरातल्या ‘ताईसाहेब’ म्हणजे तूच, हे आता तुझ्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे. शिंक आली की मृत्युपत्र काढायला बसणाऱ्या ताईसाहेब. भाऊजी सांगतात, लेख वाचून झाला की तू चष्मा पुसतेस आणि म्हणतेस, “आगाऊ मेला.” सतरा वर्षं मी समजत आलो की चष्मा हसून ओला होतो.

पंधरा दिवसांपूर्वी तू लिहिलंस, गाठ हाताला लागतेय, तपासायला दिलीय, झोप येत नाही. मला वाटलं, झालं हिचं नेहमीचं सुरू. तुझं पत्र टेबलावर उघडं ठेवून मी लेख लिहिला. ताईसाहेब निकालाआधीच शेजारणींना भांडीकुंडी वाटून टाकतात, आणि अहवाल चांगला आल्यावर एकेक वाटी परत मागत दारोदार फिरतात. पानं लावणारा पोट धरून हसला.

पुरवणी गुरुवारीच छापून होते. गठ्ठे रविवारची वाट बघत पडून राहतात. भाऊजींचा फोन आज, शुक्रवारी आला. तुझा अहवाल ताईसाहेबांच्यासारखा नाही. मी छापखान्यात जाऊन त्या गठ्ठ्यांपुढे नुसता उभा राहिलो. संपादकांना म्हटलं, पान बदला. ते म्हणाले, आता कसलं बदलताय, आणि उत्तम जमलाय की हो लेख. पुढच्या वेळी काय देणार, असंही विचारलं.

सोमवारी सकाळी येतोय. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर भाऊजींशेजारी बसेन, कागद-पेन घरी ठेवून. पान वाचलंस तर मला काय हवं ते बोल. फक्त बाबांशी धरला होतास तसा अबोला धरू नकोस गं. ती जागा मला बुजवता येणार नाही.

तुझाच,
आगाऊ