सोमवारी मागे फिरलो

प्रिय मोराग ताईस, धाकट्या इनसचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तू विणलेले मोजे पायातच आहेत. आईचा गुडघा कसा आहे?

सोमवारी उतारावर खड्डा खणून बर्फाचे थर तपासले. वरचा थर हात लावताच सुटला, म्हणजे हिमकडा कोसळायचा धोका, म्हणून माझ्या गिर्यारोहणाच्या वर्गाला शिखराखालूनच परत आणलं. मंगळवारी इथला दुसरा प्रशिक्षक स्ट्रुअन त्याच उतारावरून आपला वर्ग वर नेऊन सुखरूप आला. त्याला बर्फात रोवायची कुऱ्हाड धरायला मीच शिकवलं होतं. पबमध्ये म्हणतो, "काय मास्तर, डोंगर जागेवरच आहे की."

माझे विद्यार्थीही हसले. आज सगळे त्याच्या वर्गात गेले.

कुणाचं बरंवाईट झालं नाही, याचा आनंद मानायला हवा, ताई. मला अजून जमत नाही.

आईला मात्र सांग, इनस जपून असतो. तिला तरी ते आवडेल.

तुझा,
इनस