बर्फ टिकला असता का?

प्रिय ओत्तार,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, अशी धास्ती तुझ्या सिन्नेला आहे. मी तिला फोनवर म्हटलं, पोरी, तुझ्या बापाला नाक मुरडायची हौस दांडगी, पण कुतूहल त्याहून दांडगं. तो फोडेल.

मी बरा आहे. कॅमेरा गेल्या वर्षी खाली ठेवला. लगेच मोतीबिंदू काढून घेतला, तर बर्फावरच्या सावल्या पुन्हा लख्ख निळ्या दिसायला लागल्या. तेव्हापासून एकच प्रश्न सतावतोय, की शेवटचे चार-पाच सिनेमे मी नेमके कुठल्या रंगात टिपले? त्यातल्या एका दिग्दर्शकाला विचारलं तर तो म्हणाला, मला वाटलं तुम्हाला तसंच हवं होतं. मोतीबिंदूच्या त्या पिवळटपणाबद्दल बक्षीसही मिळालं रे.

आपलं फाटल्यावर दोन वर्षं ऑस्लोत मला कुणी काम दिलं नाही. 'भित्रा कॅमेरामन' हे तू दिलेलं नाव माझ्याआधी सगळीकडे पोचायचं. मग पार उत्तर ध्रुवाजवळ, स्वालबार्डला गेलो, कोळशाच्या खाणीतली माणसं टिपली. अंधारात चेहरा कसा दिसतो, हे तिथं शिकलो. पुढे डेन्मार्क, मग टेलिव्हिजन, मग पुन्हा सिनेमे. तुझे सगळे सिनेमे मी पाहिले, तिकीट काढून, मागच्या रांगेत. आपल्या त्या पहिल्या सिनेमात तेवढा एक प्रसंग नव्हता, बाकी सगळं होतं.

तो प्रसंग मला अजून फ्रेमसकट दिसतो. हार्डांगरच्या पठारावरचं तळं, वसंत लागलेला, आणि तुझी नायिका दाग्नी स्केट बांधून काठावर उभी. तिनं एका दमात तळं पार करायचं होतं. तू म्हणालास, चालू कर. मी भिंगातून पाहिलं तर मधला बर्फ ओल्या राखेसारखा दिसला. मी कॅमेरा बंद केला आणि लेन्सवर टोपी घातली. तू सगळ्यांसमोर ओरडलास, बर्फ टिकेल, तुझंच काळीज विरघळलंय. मी म्हणालो, नाही टिकणार. त्यावर तू म्हणालास, हे आता कुणाला कधी कळणार? त्याच संध्याकाळी सामान भरून मी गाडी पकडली. खरं सांगतो, तो प्रश्न मलाही सुटला नाही. जगात कुठलंही गोठलेलं पाणी दिसलं, की मी मनात विचारायचो, टिकला असता का?

परवा ईस्टरला दाग्नी माझ्याकडे आली. पिशवीभर संत्री घेऊन, पाठ अजून ताठ. तपकिरी चीज लावलेला पाव खाता खाता तिनं विचारलं, तोर्गाइर, तू अजून त्या बर्फाचा विचार करतोस? मी म्हणालो, रोज नाही. तर म्हणाली, मी गेले होते. तू निघून गेलास, बाकीचे जेवायला बसले, तेव्हा मी एकटी स्केट बांधून तळ्यावर उतरले. मलाही बघायचंच होतं. मध्यावर बर्फ पायाखाली कण्हला, भेगेचा आवाज माझ्यापुढे पळत गेला, पण मी पलीकडे पोचले. काठावर पालथी पडून आधी रडले, मग हसत सुटले.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तिनं संत्र्याची साल सोलून नीट वाटीत ठेवली. म्हणाली, सांगितलं असतं तर ओत्तारनं दुसऱ्या दिवशी मला पुन्हा पाठवलं असतं, आणि तू जन्मात स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नसतास. आता दोघंही निरुपद्रवी झालात.

ओत्तार, सोमवारी तुझी छाती उघडणार आहेत, हे सिन्नेनं सांगितलं. तू नर्सनासुद्धा पकडून त्या तळ्याची गोष्ट ऐकवतोस, हेही सांगितलं. तेव्हा टेबलावर जाण्याआधी तुला कळायला हवं म्हणून लिहितोय. बर्फ टिकला होता. तू बरोबर होतास. आज तोच बर्फ समोर आला, तर मी पुन्हा कॅमेरा बंद करीन, हेही तुला ठाऊक असू दे. यावर तुला पुष्कळ काही म्हणायचं असेल. शुद्धीवर आलास की फोन कर आणि हव्या तेवढ्या शिव्या घाल. मी घरीच आहे, कुठं जात नाही.

अजूनही तुझाच,
तोर्गाइर