टाच माझीच राहिली

माय, सगळ्यात पहिले कोण आलं असेल सांग? माझी नणंद. माझ्या हातच्या चहाले जिनं कधी बरं म्हटलं नाही, ती आज धानाच्या रोवण्यावर जाता जाता दारात, अन मागून टोळीतल्या चौघी. म्हणते, "वयनी, पाय दाखव पहिले. चाय मागून."

काल दवाखान्यात पट्टी सोडली. गाठ गेली, टाच माझीच राहिली. कोणाकोणाले सांगू असं होऊन राहिलं.

टाचेवर लाल गाठ होती, बोराएवढी, चिघळायची. मी समजली चिखल्या. धान रोवणाऱ्या बाईच्या पायाले चिखल्या होतेतच, म्हणून तुझ्यासारखं मोहाच्या बियांचं तेल लावत राहिली. लहानपणी शेताच्या धुऱ्यावर बसून पाय पाहत होती, तं तू रागावली होतीस, "पाय काय पाहतेस? टोळी पुढं गेली." तवापासून पाय कोणाले दाखवलेच नाही. नखं कापताना नातीनं पाहिलं अन मले भंडाऱ्याच्या दवाखान्यात ओढत नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे. क्वचितच होतो. पसरला तर पाय जाईल." मी म्हटलं, "बाई, जलमभर घाम गाळला त्याचं हे फळ काय?" त्या हसल्या. घाम गाळून होत नाही म्हणे.

गाठीभोवतीची चांगली दिसणारी कातडीही कापली, पण जखम लगेच बुजवली नाही. कडा तपासाले पाठवल्या. तीन बाजू साफ, बोटांकडची नाही. मग तेवढीच बाजू पुन्हा कापली, धानाच्या बांधीचं पाणी कुठून फुटते ते पाहून तिथंच माती टाकतो ना, तसं. कडा साफ झाल्यावर मांडीची कातडी आणून टाचेवर लावली. रोप धरावं तशी धरली, माय.

"मांडी टाचेवर आली," नणंद म्हणते, "आता चालशील का बसशील?" सगळ्या हसल्या. मग एकीनं चप्पल काढली, दुसरीनं काढली, अंगणात पायच पाय. नणंदेनं शेवटी काढली. तिच्या करंगळीपाशी गाठ आहे.

"चिखल्याच असन," म्हणाली.

"असन. पण दाखवून येऊ."

डॉक्टरीणबाईले मी गाठ दोन महिन्यांची सांगितली होती. दोन वर्षांची होती. तू आता नाहीस, माय, हा कागद तं नातीच्या वहीतच राहीन, पण नणंदेले खरं सांगीन. रविवारी रोवणा उरकते. सोमवारी भंडाऱ्याले येतो म्हणाली.