टॉवेलाखाली धरलेला पंजा

१४ डिसेंबर १९७१
कायद्यानं हत्ता बंद केला, बाजारात उघडा लिलाव आला, टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवणं गेलं. तरी हात विसरत नाहीत. आज पक्षाचे जिल्ह्यातले पुढारी दादासाहेब नातेपुत्याहून थेट आमच्या अडतीवर. (पुढे नुसतं दा. लिहीन. वहीत मानपान कशाला.) गादीवर टेकले, दारातली माणसं हटवली आणि कानाशी येऊन म्हणाले, सूतगिरणीची चेअरमनकी मला मिळवून दे, सोलापूर शहरातलं विधानसभेचं तिकीट तुला. मग, "मल्लू, टॉवेल आण." आपल्याच मागावरचा, हिरव्या काठाचा टॉवेल पुढे केला. त्याखाली त्यांनी माझा अख्खा पंजा दाबून धरला. आमच्या धंद्यात पंजा धरला की माल तुझा, विषय संपला.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, कागदावर काही आहे का? बायकांना धंदा कळत नाही.

१५ डिसेंबर
बाबांची आठवण येत राहिली. एकदा शेंगांच्या सौद्यात त्यांनी घाईत एक बोट जास्त दाबलं. समोरचा म्हणत होता, शिवाप्पा, चूक दिसतीय, सोडून देऊ. बाबांनी सोडलं नाही. ढीगच्या ढीग तोट्यात घेतला. अव्वा, म्हणजे माझी आई, आठवडाभर त्यांच्याशी कन्नडमध्येही बोलली नाही आणि मराठीतही नाही. पुढची तीस वर्षं बाजारात बाबांना कुणी पावती मागितली नाही.

२३ जानेवारी १९७२
दा. गिरणीचे चेअरमन. पेठेतले सूतवाले मी आणले, अक्कलकोट रोडचे यंत्रमागवाले मी आणले. पद्मशाली विणकर मंडळींच्या घरोघर माझ्या मोडक्या तेलुगूत फिरलो. आमच्या मागांच्या शेडवरचा मुकादम नरसय्या बरोबर होता, मी बोललेलं तो पुन्हा नीट सांगायचा. हाराच्या वेळी दा. मला पुढे ओढून म्हणाले, हा आपला माणूस. फोटो निघाला.

११ फेब्रुवारी
तिकीट जावयाला. त्यांच्या स्वतःच्या जावयाला. मला पानवाल्याकडून कळलं.
तसाच सायकल काढून सात रस्त्याजवळच्या विश्रामगृहावर गेलो. खोली भरलेली. मी म्हणालो, दादासाहेब, आपला हत्ता झाला होता. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.
"कुटला हत्ता? अरं, बैलबाजारात मी रोज धा जनांचे हात धरतो. सगळ्यांस्नी आमदार करू व्हय?"
हसले. सगळे हसले. मी चप्पल शोधत होतो आणि एक चप्पल सापडत नव्हती, त्यावर पुन्हा हसले.

१२ फेब्रुवारी
हसणारे अकरा. नावं मागच्या पानावर, क्रमांकासहित. दा. त्यात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं पान.
तो हिरव्या काठाचा टॉवेल न धुता कपाटात ठेवला. सौ. विचारते, कशाला? म्हणालो, असू दे. मला राग आलाय असं नाही. मला त्यांना खाली बघायला लावायचंय. माझ्यासमोर, दिवसाउजेडी.

९ ऑगस्ट १९७३
पेठेतल्या आपल्या सहकारी बँकेवर संचालक. लोक विचारतात, अडत सोडून हे काय नवीन? मी हसतो. दा.कडे माणसं आहेत, मला माणसं कुठनं आणायची? बँकेत ती आपण होऊन येतात, टोपी हातात घेऊन.

१८ नोव्हेंबर १९७४
बँकेचा चेअरमन होऊन तीन महिने. आज क्र. ४ आला. विश्रामगृहात माझी चप्पल पायानं पलंगाखाली सरकवणारा हाच. चार माग घ्यायचेत म्हणे. बाहेरच्या बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत बसवला. मग आत बोलावलं, चहा पाजला, कर्ज मंजूर केलं. तो रडायचाच बाकी. जाताना वाकला. मी म्हणालो, चप्पल सापडली ना?
त्याला आठवलं. चेहऱ्यावर दिसलं. फार बरं वाटलं, एवढं बरं वाटू नये इतकं.

२ मार्च १९७५
महापालिकेत निवडून आलोय त्याला बरेच दिवस झाले, लिहायचं राहिलं. तिथलं काम सोपं आहे, नळ आणि गटार. क्र. १, २, ७ आणि ९ आता माझ्याबरोबर असतात. क्र. २ तर माझी छत्री धरतो. श्राद्ध घालावं तसा मी दर ११ फेब्रुवारीला टॉवेल काढून बघतो. सौ. म्हणते, तुम्हाला वेड लागलंय. असेल.

६ जानेवारी १९७८
पक्ष फुटलाय. दा. एका तुकड्यात, जावई त्याच तुकड्यात. मला दोन्हीकडून निरोप. दोघांनाही नाही म्हटलं. अपक्ष उभा राहणार, जावयाच्या विरोधात. नरसय्या म्हणाला, "शेठ, मागवाले सगळे तुमच्यासंगं. तुमी आमाला बँकेतनं माग दिला." मी त्याला खरं सांगितलं नाही, की माग देताना माझं लक्ष कुठं होतं.

२७ फेब्रुवारी
जिंकलो. जावई पडला. गुलाल नाकात गेलाय. मिरवणूक मुद्दाम विश्रामगृहावरून नेली, तिथं ताशा जरा जास्त वेळ वाजवायला लावला. खोलीची खिडकी बंद होती.

१४ मार्च
मुंबई. कुणाचंच बहुमत नाही, त्यामुळे आम्हा अपक्षांना अचानक भाव. उघडा लिलावच, वर टॉवेलसुद्धा नाही. राज्यमंत्री, अर्थ. शपथ झाली. सौ. मागं बसली होती, इरकली नेसून. नंतर म्हणाली, बाबा असते तर.

२९ एप्रिल
बँकेत नाही म्हणायला मिनिट लागतं. इथं कुणी नाही म्हणतच नाही. फाइलवर लिहितात, चर्चा करावी. त्या दोन शब्दांत माणूस वर्षभर जिने चढतो. शिकतोय. भराभर शिकतोय.

२२ मे
आली. स्वतःहून माझ्या टेबलावर आली.
सूतगिरणीच्या कर्जाला शासनाची हमी. चेअरमनची सही खाली, थरथरलेली, पण मी ओळखली. महिनाअखेर हमी मिळाली नाही तर बँका हात वर करणार, गिरणीला कुलूप. शिफारस माझी जायची आहे. फाइल बंद केली, पुन्हा उघडली. दिवसभर कामात लक्ष नाही. चर्चा करावी. बस, दोन शब्द. कुणी मला विचारणारही नाही.
सहा वर्षं मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही.

२५ मे
सोलापूर. फाइल बरोबर आणली, सचिवांना सांगितलं अभ्यास करतो. अक्कलकोट रोडला शेडमध्ये गेलो. अर्धे माग उभे, सूत कमी येतंय. नरसय्यानं सगळं ऐकलंय, गिरणीत त्याचे दोन मेहुणे आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेठ, तुमचं आनि त्यांचं काय हाय ते तुमी बगा. मधी आमचं पोट कशाला?"
मी म्हणालो, मुंबईहून सूत आणू. तो म्हणाला, तुमी आनाल, बाकीच्यांनी काय करायचं. आणि कामाला गेला. एरवी मी निघेपर्यंत तो उभा राहतो.
रागावलोय त्याच्यावर. बरोबर बोलला म्हणून जास्त.

२७ मे
दा. घरी आले. सकाळी दहा वाजता, रिक्षातून. बरोबर कुणी नाही. पायऱ्या चढताना भिंत धरली. ओसरीवर लोक बसले होते, त्यात क्र. २ आणि क्र. ७. मी कुणालाही हलवलं नाही. सगळ्यांसमोर होऊ दे म्हटलं.
इतकी वर्षं ठरवून ठेवलं होतं काय काय बोलायचं. त्यांनी ती संधीच दिली नाही. बसले आणि आधी म्हणाले, "अप्पा, तुमी मोठं झाला." अप्पा आणि तुमी. ज्या माणसानं मला जन्मभर मल्लू आणि तू केलं. मग गिरणीचं बोलले. स्वतःसाठी मागत न्हाय, माझं काय, आज हाय उद्या न्हाय, पण माणसं लई हायती तितं. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, खाली फरशीकडे. मला हेच हवं होतं. मी बघत राहिलो.
मग म्हणालो, "टॉवेल आणू का?"
त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "आना."
कपाटातला आणला. घड्या पिवळ्या पडलेल्या, हिरवा काठ विटलेला. त्यांनी ओळखला की नाही कळलं नाही. खाली हात दिला. त्यांची बोटं संधिवातानं वाकलीत, नीट उघडत नाहीत. मी अख्खा पंजा धरला. पाचही बोटं, दाबून.
त्यांनी वर बघितलं. "धरला न्हवं?"
"दादासाहेब, बाजारात मी रोज दहा जणांचे हात धरतो."
क्र. २ हसायला लागला आणि मध्येच थांबला. दा.नी टॉवेलाखालून हात काढला. दोनदा मान हलवली, "व्हय" म्हणाले, उठले. पायरीवर अडखळले तेव्हा मी पुढे झालो नाही. क्र. ७ नं धरलं.
त्यांना आता रोज सकाळी उठून विचार करायचाय, हा पंजा खरा की खोटा. विचारायची सोय नाही. मला जसं झालं होतं तसंच, दाण्याचाही फरक नाही. जमलं. सगळं मनासारखं जमलं.

२७ मे, दुपारी
सौ. आतून ऐकत होती. ताक वाढताना म्हणाली, "त्यांनी हत्ता फिरवला, कारण ते पुढारी होते. तुम्ही कोण आहात?"
मी म्हणालो, मंत्री.
ती म्हणाली, "मी शिवाप्पा अडत्यांच्या घरात सून म्हणून आले."
पान तसंच सोडून उठलो. फार बोलायला लागलीय.

२८ मे
मुंबईहून फोन. मंत्रिमंडळ डळमळतंय अशी कुजबुज आहे, जे काय करायचं ते लवकर उरकून घ्या. म्हणजे उद्याच. परवा कदाचित या खुर्चीत दुसरा कुणी असेल आणि तो दा.ला ओळखतही नसेल.
फाइल उघडून बसलोय. शेऱ्याची जागा कोरी. पेन्सिलीनं 'चर्चा' एवढं लिहिलं, खोडलं.
एक गोष्ट लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. काल मी पंजा खोटा धरणार होतो. नुसता वरवर, त्यांना घोळात ठेवायला. पण हात टॉवेलाखाली गेला आणि बोटं आपोआप नीट बसली, अंगठा वर, करंगळी आत, बाबांनी शिकवलं होतं तशी. खोटं कसं धरतात ते मला कुणी शिकवलंच नाही. मग आता तो हत्ता झाला की नाही झाला? दा. मोडू शकले. मी मोडला तर आम्ही दोघं सारखे, आणि नाही मोडला तर सहा वर्षं मी कपाटात काय जपून ठेवलं?
सौ.नं न विचारता टॉवेल धुतला. अंगणात दोरीवर घातलाय, काठाचा हिरवा अजून थोडा आहे. गाडी सकाळची. फाइल बॅगेत टाकली, पेन खिशात.