तीन नंबरचा फीडर

प्रिय छोट्या,

युनियनच्या पत्रकावर तुझ्या नावापुढे ‘सरचिटणीस’ छापतात, मंचावर लोक तुला भाऊसाहेब म्हणतात. मला ते या जन्मात जमायचं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू बोलू देतोस कुठे? मी ‘अरे ऐक ना’ म्हणेपर्यंत तुझं ‘कामगारांच्या हक्कांसाठी’ सुरू झालेलं असतं. म्हणून लिहिते आहे. एका जागी बसून वाच.

विजय मेळाव्यातलं तुझं भाषण ऐकलं. आपल्या संपामुळे या सरकारी वीज कंपनीची विक्री सरकारने पुढे ढकलली, तुम्ही एकमेकांच्या पाठी थोपटून घेतल्यात. बरं झालं. कंपनी विकू नये असं मलाही वाटतं. कालव्यापलीकडचा भाग खासगी कंपनीकडे गेल्यापासून मावशीचे हाल मी बघतेय. तक्रारीचा फोन लावला की एका बाईचा गोड आवाज ‘एक दाबा, दोन दाबा’ करत राहतो आणि मावशी बिचारी दाबत राहते. परवा तिने त्या आवाजालाच विचारलं, ‘अगं, तू जेवलीस का?’ तिथे तार तुटली तर माणूस तिसऱ्या दिवशी उगवतो, कारण दहांचं काम तिघांवर टाकलंय. पण म्हणून आपलं सगळं आलबेल आहे का रे? मी ऑपरेटर आहे त्या उपकेंद्रातला जुना ब्रेकर बदला म्हणून मी तीन वर्षं लिहितेय. वरून उत्तर आलं, अर्ज विहित नमुन्यात नाही. नमुन्यात पाठवला, तोवर साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी विचारलं, कोणता ब्रेकर? आणि तुमची युनियन! त्या ब्रेकरसाठी कधी एक घोषणा दिलीत? दुपारी तीनला खुर्ची रिकामी करून पळणाऱ्याची बदली झाली, की मात्र मोर्चा तयार. लोक वैतागून म्हणतात, ‘विकून टाका एकदाची.’ मला त्यांचा राग येत नाही. आपलाच येतो. डोकं उठतं नुसतं.

आता संपाच्या दुसऱ्या दिवसाचं सांगते. मीही सगळ्यांबरोबर उपकेंद्राच्या फाटकाबाहेर सतरंजीवर बसले होते, तुझ्या शब्दाखातर. आत मुख्य कचेरीतून पाठवलेला एक नवखा इंजिनिअर होता. ऊन मी म्हणत होतं, घराघरातले पंखे चालू, आणि भर दुपारी तीन नंबरचा फीडर लोड न झेपून बंद पडला, त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तीची वीज गेली. आतली घंटा बाहेरपर्यंत ऐकू आली. आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो इंजिनिअर घाबराघुबरा बाहेर आला, कुलूप लावलं आणि जीपमध्ये बसून साहेबांना विचारायला गेला. टाळ्या मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

पाऊण तासाने माझा फोन वाजला. त्याच फीडरवर डायलिसिसचं छोटं केंद्र आहे ना, तिथला टेक्निशियन होता. धापा टाकत म्हणाला, “ताई, जनरेटर बंद पडला, मशीनच्या बॅटऱ्याही संपल्या. रक्त परत अंगात जायला हवं म्हणून मी आणि सिस्टर मशीनची चाकं हाताने फिरवतोय. माणसं आम्ही दोन, पेशंट चार.” मी आपल्या शाखाप्रमुखाकडे गेले. तो म्हणाला, “थोडा त्रास झाल्याशिवाय सरकार जागं होत नाही, ताई. तरी वर विचारतो.” वर म्हणजे तू. त्याने विचारलं की नाही, देव जाणे. मी स्वतः तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा तुझ्या कोणा पोऱ्याने मला झटकलं, भाऊसाहेब टीव्हीवाल्यांशी बोलताहेत म्हणून.

थोड्याच वेळात फीडर सुरू झाला. पेशंट वाचले, चारही. आणि तुम्ही संप कोणी फोडला याची चौकशी लावलीत. त्या वेळी लाइनमनमामा सतरंजीवर नव्हते, एवढ्यावरून ते गुन्हेगार ठरले. “मी आत गेलो नाही,” म्हणाले. “मग कोण गेलं?” तर गप्प. तू मेळाव्यात नाव न घेता त्यांना गद्दार म्हणालास. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडेच वळल्या. तू पहिल्यांदा खांबावर चढलास आणि वर जाऊन पाय लटपटायला लागले, तेव्हा खालून तासभर धीर देत तुला उतरवलं होतं ते याच माणसाने. आता त्यांच्या टेबलाशी कोणी चहाला बसत नाही. निवृत्तीला आठ महिने राहिलेत आणि सोमवारी तू त्यांना युनियनमधून काढायचा ठराव मांडणार आहेस.

मागच्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, छोट्या. मी फोन लावायला बाजूला गेलेय, असंच सगळे समजत होते. वीज सोडण्याआधी लाइनवर कोणी काम करत नाही ना, हे बघायला फार लांब जावं लागलं नाही. सगळे लाइनमन सतरंजीवरच होते, एक मामा सोडून. ते मागच्या भिंतीच्या सावलीला टेकलेले दिसले. मी आत गेले, दुसरीकडचा लोड उतरवला आणि तीन नंबरचा ब्रेकर लावून वीज सोडली. बाहेर आले तेव्हा मामा समोरच उभे होते. “ऊन फार आहे, बाई,” एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली. मला वाटलं, दोन दिवसांत सगळे विसरतील. तुझी मान खाली जाईल म्हणून मी गप्प बसले, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्या रिकाम्या टेबलाची मलाच भीती वाटत होती. अकरा दिवस तो माणूस माझ्यासाठी शिव्या खातोय. बावीस वर्षांत लॉगबुकात न लिहिलेलं माझं ते एकच काम. आज सकाळी लिहिलं, वेळेसकट, सहीसकट. तेव्हा ठरावातलं त्यांचं नाव खोड आणि माझं घाल. मी समोरच बसलेली असेन. मतासाठी हात वर करायला सांगण्याआधी ही माझी सख्खी बहीण आहे, एवढं मोठ्याने सांग. मग तुझाही हात वर गेला तर जाऊ दे.

तुझीच, आणि सोमवारपर्यंत तरी युनियनची सभासद,
ताई