पट्टी गोठली नव्हती

हार्बिन, नदीकाठ
१६ डिसेंबर

शुचिंग,

जेवलीस का? रीत म्हणून विचारतोय, पण खरंच सांग. काल नदीवरून गेलीस तेव्हा चेहरा पार उतरला होता तुझा. इकडे आई बरी आहे. तिने डुकराच्या कातडीची जेली केलीय, तुझ्यासाठी डबा बाजूला काढलाय, लसूण वेगळा बांधून. मामा बरे आहेत, म्हणजे सगळ्यांवर ओरडतायत. बर्फ यंदा छान धरलाय. नदीतून कापलेल्या लाद्या काचेसारख्या निघतायत.

हे फोनवर का नाही कळवलं म्हणशील. फोनवर मी लिहितो आणि पाठवायच्या आधी पुसून टाकतो. कालपासून चार वेळा झालं.

काल सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, पण तू मामांना जे गप्प केलंस ना! "ही कातडीची जेली? ही तर काड्यांनी उचलताना तुटते," तुझी पट्टी बघून म्हणाले ते. तू वाद घातला नाहीस. बोटभर रुंदीची ती पट्टी खुंटीला बांधलीस आणि खाली आमची बर्फ उचकटायची लोखंडी पहार टांगलीस. पट्टी लांबली, पहार झुलत राहिली. उणे अठ्ठावीसमध्ये! आमच्याबरोबर लाद्या ओढणारे फूकाका ओरडले, "पोरी, असलंच काहीतरी माझ्या गुडघ्यात बसव की!" मग तू त्याच पट्टीतून वीज सोडून दिवा पेटवून दाखवलास. मामांनी टोपी वर सारली. आमच्या मामांच्या बाबतीत हा मुजराच समज.

मला कॉलेजमधली तुझी पहिली पट्टी आठवते. जिलेटिन आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू. फ्रीझरमधून काढली तर काच झालेली, बोट लावताच तुकडे. तुझ्या जागी मी असतो तर भिंतीवर फेकली असती. तू म्हणालीस, "बरं, मग मीठ बदलू." त्यानंतर किती मिठं बदललीस! खारवलेल्या पाण्यात मुरवून मुरवून त्या थलथलीत गोळ्याची तू शीर करून टाकलीस. वाकणारी, न गोठणारी, वीज नेणारी. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तीच जेली लसणाबरोबर गिळतात, कुणाच्या डोक्यात आलं होतं का?

आणि मी काय केलं? सरांनी तुझ्या कामावर तुझ्याआधी दुसऱ्याचं नाव घातलं म्हणून स्टूल फेकलं, शिव्या दिल्या, कॉलेज सोडलं. मला वाटलं तू खूश होशील. तू जिन्यात गाठून म्हणालीस, "तू दार आपटून गेलास. मला रोज त्याच दारातून आत जायचंय. माझ्यासाठी भांड म्हणून तुला सांगितलं कुणी?" तेव्हा मला भयंकर राग आला होता. आता लाद्या ओढताना ते वाक्य आठवतं. तू आत जात राहिलीस, आणि शेवटी पहिलं नाव तुझंच लागलं.

असो. मुद्द्यावर येतो.

काल पट्टी मामांच्या मनगटावर बांधलीस, पडद्यावर नाडी नीट उमटली. फूकाकांची उमटली; "जुन्या ट्रॅक्टरसारखी आहे पण बंद पडत नाही," म्हणून स्वतःच हसले. मग माझी. करवत चालवत होतो तोवर सगळं ठीक. मी थांबलो, उभा राहिलो. पट्टीची एक कड सुटली होती, ती दाबायला तू हातमोजा काढलास आणि माझं मनगट धरलंस.

तू कुशीत धरलेल्या त्या पडद्यावर रेघ नाचायला लागली.

"बिघडलं यंत्र!" मामा म्हणाले. "पोरगं नुसतं उभं आहे, आणि हे दाखवतंय घोडा पळतोय!"

तू माझ्याकडे बघून विचारलंस, "धावलास का? चक्कर येतेय? खरं सांग, मला हे नीट कळायला हवं."

आणि मी म्हणालो, "मला काही नाही. तुझी पट्टीच गारठली असेल."

तू वाद घातला नाहीस. सामान आवरलंस. जाताना म्हणालीस की थंडीत चुकीचं दाखवत असेल तर शुक्रवारी बीजिंगला ती दाखवायला घेऊन जाणार नाही, सगळं पहिल्यापासून करीन. तू करशीलही. म्हणूनच लिहितोय.

शुचिंग, पट्टी गारठली नव्हती. मी धावलो नव्हतो, चक्करही नव्हती. तू हात धरलास म्हणून तसं झालं. दरवेळी होतं, आजवर कुणी मोजलं नव्हतं एवढंच.

मीठ बदलू नकोस. माझ्यावर विश्वास नसेल तर उद्या ये आणि तपास. आधी मामांना माझं मनगट धरायला लाव, रेघ शांत राहील. मग फूकाकांना. मग तू धर. मग मामांना पुन्हा. तूच शिकवलंयस ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पत्र मामांच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय, दुपारपर्यंत मिळेल. माझ्याबद्दल काय वाटतं ते सांगितलं नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी स्टूल फेकणार नाही. बीजिंगला मात्र जा. सांग तिथल्या लोकांना, उणे अठ्ठावीसमध्ये, उघड्या वाऱ्यात, एका खोटं बोलणाऱ्या माणसाच्या मनगटावर ती खरं बोलली.

तुझ्या तपासणीतला तिसरा माणूस,
थान रुइ