यतीनचा पाट

॥ श्री ॥
फुनाबोरी, ५ ऑगस्ट २०२५

चि. यतीन यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुका सांभाळून घे. त्सुकुबात तू यंदा वेगळा गणपती बसवणार, असं सूनबाई विभाकडून कळलं. तेव्हापासून जेवण जात नाही. गेल्या वर्षी तुझ्या दादाने तुझी वाट न बघता सातलाच विसर्जनाची आरती उरकली, हे चुकलंच. झांजांचा खालच्या मजल्यावरच्या जपानी ओकादाबाईंना त्रास होईल, ही सत्यजितची धास्ती. पण म्हणून भावाभावांनी देव वेगळे करायचे?

सत्यजितच्या आर्याला शाळेत लिंकनवर बोलायचं आहे. ती वाचते आणि मला मराठीत सांगते. देशाचा मोठा तुकडा फुटून निघाला, चार वर्षं माणसं मरत होती. लोक म्हणत, जाऊ द्या त्यांना. तो ऐकेना. झेंड्यावरचा एकही तारा त्याने काढू दिला नाही. मीही तुझा पाट काढू देणार नाही.

काळजीत असलेला,
बाबा

त्सुकुबा, ११ ऑगस्ट

ती. बाबांस यतीनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र विभाने दोनदा वाचलं, मी एकदा. त्या दिवशी रस्त्यात दोन तास अडकलोय, हे दादाला फोनवर सांगितलं होतं. पोचलो तेव्हा निरांजन विझलेलं आणि मूर्ती बादलीत. यंदाची मूर्ती मी आणली आहे. तुम्ही इकडे या. दादाला बोलावणार नाही. आणि लिंकनकडे फौज होती, बाबा. तुमच्याकडे काय आहे?

गोळ्या चुकवू नका.

आपला आज्ञाधारक (एवढी गोष्ट सोडून),
यतीन

फुनाबोरी, १७ ऑगस्ट

चि. यतीन यास आशीर्वाद.

माझ्याकडे झांजा आहेत. घरातली एकुलती एक जोडी मी माझ्या बॅगेत घालून कुलूप लावलं. तू आल्याशिवाय ती निघणार नाही. सत्यजित चिडला, शेजाऱ्यांचं काय म्हणाला. मग आर्याला घेऊन मीच ओकादाबाईंकडे गेलो. बेसनाचे लाडू नेले. यंदा आरतीला उशीर होईल, असं आर्याने जपानीत सांगितलं. बाई म्हणाल्या, त्रास कधीच नव्हता. उलट गेल्या वर्षी आवाज इतक्या लवकर का थांबला, असं त्यांना वाटलं होतं. बघायला येऊ का, असंही विचारलं.

कुणी न केलेल्या तक्रारीपायी तुम्ही दोघं वर्षभर बोलत नाही. हे मी सत्यजितला सांगितलं. मग तो तुझा पाट माळ्यावरून काढून पुसत बसला. त्याची माफी एवढीच असते, तुला ठाऊक आहे.

मी तिकडे येणार नाही. मूर्ती आणलीच आहेस तर घेऊन ये, एका चौरंगावर दोन बसतील. घरात दोन गणपती चालत नाहीत म्हणणाऱ्यांना उत्तर मी देईन. २७ तारखेला ओकादाबाई थांबतील, सत्यजित थांबेल, देवही थांबेल. तू रस्त्यात अडकलास तरी चालेल.

किल्ली जानव्याला बांधून बसलेला,
बाबा